निंजा ६५०ला आता कोणते टायर घालावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दीड वर्षापूर्वी घेतलेली कावासाकीची निंजा ६५० मोटरसायकल, ११,००० किलोमीटर झाले, मागचा टायर मधोमध सपाट झालाय, पुढचा अजून बरा दिसतो. आठवड्यातून दोन दिवस कोथरूड ते हिंजवडी, महिन्यातून एकदा कोकण, वर्षातून एकदा बायकोला मागे बसवून गोवा. पावसाळ्यातही गाडी फिरते, वेग १२०च्या वर नेत नाही. हवा पेट्रोल पंपावर भरता, मागे ४० ठेवता. एक मित्र म्हणतो मागे १८० मिलिमीटरचा रुंद टायर टाक. दुसरा म्हणतो ट्रॅकवर वापरतात तसला मऊ टायर घे. दुकानदार म्हणतो एवढे पैसे कशाला घालवता, साधा बसवतो, निम्म्यात काम होईल. आणि शेवटी तुम्ही विचारलंय: सगळ्यात जास्त किलोमीटर देणारा टायर कोणता?

मी कराडला टायरचं काम करतो, २० वर्षं होत आली. दुकानासमोरून पुणे-बंगळूर हायवे जातो आणि गावातून पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरणारा रस्ता निघतो. त्यामुळे हायवेने मध्ये कापलेले आणि घाटाने कडांना खाल्लेले, असे दोन्ही तऱ्हेचे टायर हातात येत असतात. तुम्ही लिहिलेलं मी दोनदा वाचलं. मला वाटतं तुमचा खरा प्रश्न किलोमीटरचा नाहीच. वर्षातले ३० दिवस तुम्ही भर पावसात, घाटात, कधी बायकोला मागे घेऊन असता. त्या ३० दिवसांत कुठला टायर तुम्हाला सांभाळेल, हे आधी ठरवायला हवं. उरलेल्या दिवसांचं काम त्यातला कुठलाही चांगला टायर करेल. किलोमीटरचं गणित बरंचसं तुमच्याच हातात आहे, ते कसं ते आधी सांगतो, कारण ते सोडवल्याशिवाय नवे टायर घेतलेत तर तेही असेच जातील.

जुना टायर टाकून देण्याआधी उन्हात नीट बघा. तुमचा मागचा टायर मधोमध सपाट आहे आणि कडांना भरपूर माल शिल्लक आहे. ही झीज दोन गोष्टींनी होते. एक, सरळ रस्ता. पुण्याहून कोल्हापूरपर्यंत गाडी उभीच चालते, रस्त्याला टेकतो तो फक्त मधला तीन-चार बोटांचा पट्टा. त्याला इलाज नाही. दुसरी गोष्ट हवा. निंजा ६५०ला कंपनीने पुढे ३२ आणि मागे ३६ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) सांगितलंय, तेही टायर थंड असताना. तुम्ही ४० ठेवता. जास्त हवेने टायर मध्ये फुगतो, टेकणारा पट्टा आणखी अरुंद होतो आणि सगळी झीज तेवढ्यावर येते.

इथे एक गोष्ट मला माहीत असायला हवी होती, ती तुम्ही लिहिलेली नाही: ४० भरता ते गाडी घरून काढल्या काढल्या, की १५-२० किलोमीटर चालवून पंपावर पोचल्यावर? चालून तापलेल्या टायरमध्ये हवेचा दाब तीन-चार पीएसआयने सहज चढतो. तापलेल्या टायरमध्ये ४० दिसत असतील तर सकाळी थंड असताना ते ३६च्या आसपास भरतील, म्हणजे तुमची हवा जवळजवळ बरोबर आहे आणि दोष हायवेचा. थंड टायरमध्ये ४० असतील तर दोष हवेचा. शिवाय पंपावरच्या यंत्राचा भरवसा नाही. एकाच दिवशी दोन पंपांवर तीन-चार पीएसआयचा फरक मी स्वतः मोजलाय. तेव्हा टायरच्या आधी एक चांगलं गेज घ्या, सीटखाली ठेवा, आणि आठवड्यातून एकदा सकाळी चहाआधी हवा बघा. हवामानानेही फरक पडतो. तापमान पाच-सहा अंश उतरलं की साधारण एक पीएसआय कमी होतो. मे महिन्यात दुपारी भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे महाबळेश्वरला तेवढी राहत नाही. नायट्रोजनच्या नादाला लागू नका. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, हवा वेळेवर तपासली तर वेगळं काही पदरात पडत नाही.

आता किलोमीटरबद्दल सरळ बोलतो. एकाच गाडीला, एकाच नावाचा टायर घातलेले माझे दोन गिऱ्हाईक आहेत. एकाचा मागचा टायर ९,००० किलोमीटरला संपला, दुसऱ्याचा १४,०००च्या पुढे गेला. पहिला रोज सिमेंटच्या रस्त्याने जातो, सिग्नल सुटला की एक्सलरेटर पिळतो. दुसरा शिक्षक आहे, एकटाच फिरतो, हवा दर रविवारी बघतो. कोकणातला मुंबई-गोवा महामार्ग सिमेंटचा झाल्यापासून तिकडून येणारे टायर लवकर झिजलेले दिसतात. त्या सिमेंटवर पाणी निचरायला आडव्या रेघा मारलेल्या असतात, त्या रबर किसणीसारखं खातात. म्हणून टायरच्या नावावरून किलोमीटर सांगणारा माणूस तुमचा रस्ता आणि तुमचा उजवा हात गृहीत धरून बोलत असतो. मी तेवढं धाडस करत नाही.

मित्रांचे सल्ले एकेक करून बघू. १८०चा टायर घालू नका. तुमच्या गाडीचा मागचा रिम साडेचार इंच रुंद आहे आणि तो १६०/६०साठी बनलाय (१६० ही मिलिमीटरमधली रुंदी, ६० म्हणजे उंची रुंदीच्या ६० टक्के). १८०/५५ टायर साडेपाच इंचाच्या रिमसाठी असतो. तो अरुंद रिमवर दाबून बसवला की त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि टायर मध्ये टोकदार होतो. उभ्या गाडीत मागून तो रुंद दिसतो खरा, पण रस्त्याला टेकणारा भाग उलट कमी होतो, गाडी वळणात पडताना आधी जड लागते आणि मग एकदम पडते. कडांचं रबर तर तुम्ही कधी वापरणारच नाही. असा बदल करून आलेल्या दोन गाड्यांना मी परत १६० घालून दिले आहेत, आणि दोघांनीही पहिल्या दिवशी फोन करून गाडी हलकी झाल्याचं सांगितलं. तुमचं माप पुढे १२०/७० झेडआर १७, मागे १६०/६० झेडआर १७. त्यात बोटभरही बदल नको.

साध्या टायरचा सल्ला मला जास्त खटकतो. दुकानदार ज्याला साधा म्हणतो तो बहुतेक बायस टायर असणार. त्याच्या आतले दोरे तिरपे, एकावर एक फुली मारल्यासारखे असतात. तुमच्या गाडीचे टायर रेडियल आहेत. त्यांचे दोरे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरळ जातात आणि वर पोलादी तारेचा पट्टा गुंडाळलेला असतो. रेडियल कमी तापतो, वेगात गोल राहतो, आणि त्याची बाजू हवी तेवढीच दबते. पुढे रेडियल आणि मागे बायस, अशी जोडी तर कधीच लावायची नाही. दोन्ही टायर वळणात वेगवेगळं वागतात, गाडी १००च्या वर गेली की हँडल डुलायला लागतं. टायरच्या बाजूला मापानंतर जो आकडा आणि अक्षर असतं तेही बघा. तुमच्या गाडीला पुढे ५८डब्ल्यू आणि मागे ६९डब्ल्यू आहे. ५८ म्हणजे २३६ किलो, ६९ म्हणजे ३२५ किलो वजन पेलण्याची ताकद, आणि डब्ल्यू म्हणजे २७० किलोमीटर वेगापर्यंतची मान्यता. तुम्ही १२०च्या वर जात नाही हे मान्य. पण ते अक्षर फक्त वेगाचं नसतं. टायर किती उष्णता सोसू शकतो, त्याचाही तो दाखला असतो. मे महिन्यात सोलापूरकडे तापलेल्या रस्त्यावर दोघं जण आणि सामान घेऊन चार तास गाडी पळवली की त्या दाखल्याची गरज कळते. गाडीला कंपनीने दिलंय त्याच्या खालचं अक्षर घेऊ नका.

मऊ स्पोर्ट टायरबद्दल थोडं विस्ताराने सांगावं लागेल, कारण ही चूक मी स्वतः केली आहे.

२०१४च्या जुलैत मी चिपळूणहून वर येत होतो. गाडीला महिन्याभरापूर्वीच मऊ स्पोर्ट टायर घातले होते. उन्हाळ्यात त्यांनी जी मजा दिली ती आजही विसरलो नाही, गाडी कितीही झोपवा, चिकटून राहायची. त्या दिवशी पहाटेपासून पाऊस होता. पोफळी सोडली, घाट चढायला लागलो. तिसऱ्या की चौथ्या वळणावर वर झाडांची दाट सावली होती आणि रस्त्याच्या डाव्या कडेला हिरवट शेवाळ धरलं होतं. वेग जेमतेम ३०. ब्रेकला हातसुद्धा नव्हता. पुढचं चाक असं गेलं की मला कळलं तेव्हा मी आधीच खाली होतो. डाव्या खांद्याचं हाड मोडलं. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यांनी गाडी उभी केली, तोवर मी कडेला बसलो होतो, आणि सवयीने उजवा हात पुढच्या टायरला लावला. माठाला हात लावावा तसा गार. ३० किलोमीटर चालून आलेला टायर, आणि त्यात ऊब म्हणून नाही.

ते गारपण हेच कारण होतं. स्पोर्ट टायरचं रबर ठरावीक ऊब आली की काम करायला लागतं. ट्रॅकवर, किंवा कोरड्या घाटात वेगाने, ती ऊब मिळते. पावसात मिळत नाही, कारण रस्त्यावरचं पाणी ती सतत काढून घेतं आणि तुम्हीही जपून हळू चालवता, म्हणजे टायरवर ताणही येत नाही. गार पडलेलं ते रबर ओल्या रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरत नाही, वरून सरकतं. स्पोर्ट-टूरिंग, म्हणजे लांबच्या प्रवासासाठी बनवलेल्या टायरच्या मिश्रणात सिलिका (वाळूपासून बनणारी बारीक पूड) भरपूर असतो आणि त्याचं रबर गार असतानाही मऊपणा धरून ठेवतं, म्हणून जुलैच्या घाटात तो पहिल्या वळणापासून पकडतो. त्याच जातीचा मागच्या चाकाचा टायर दोन रबरांचा असतो. मध्ये कडक रबर, सरळ हायवेवर टिकण्यासाठी, आणि दोन्ही बाजूंना मऊ रबर, वळणात पकडण्यासाठी. तुमच्यासारखी झीज ज्याची होते त्याला हा टायर दोन्हीकडून उपयोगी. खांदा बरा झाल्यावर मी तेच टायर घातले आणि आजवर पुन्हा मऊकडे गेलो नाही. माझ्याकडे येणारा कोणी वर्षातून चार वेळा ट्रॅकवर जाणारा असेल तर त्याला मी आनंदाने स्पोर्ट टायर बसवून देतो. तुम्हाला नाही देणार.

खाचांविषयीही एक गैरसमज आहे. जितक्या जास्त खाचा तितकी पावसात जास्त पकड, असं लोक धरून चालतात. खाचांचं काम पाणी बाहेर काढणं. ओल्या रस्त्याला धरून ठेवतं ते रबर. मोटरसायकलचा टायर गोल आणि अरुंद असतो, तो कारच्या टायरपेक्षा पाणी सहज कापतो. मधोमध कमी खाचा असलेला चांगला टूरिंग टायर, खाचाच खाचा असलेल्या कडक टायरपेक्षा पावसात कितीतरी चांगला वागतो. हां, खाचा शिल्लक मात्र हव्यात. दुचाकीच्या टायरला कायद्याने किमान खोली ०.८ मिलिमीटर आहे. मी गिऱ्हाइकाला पावसाळ्यात दीड मिलिमीटरच्या खाली जाऊ नका म्हणतो. नव्या मागच्या टायरला साधारण सहा मिलिमीटर असतात, यावरून अंदाज घ्या.

आणि पावसात हवा कमी करू नका. पकड वाढते म्हणून पाच-सहा पीएसआय सोडणारे बरेच जण भेटतात, घाटाच्या पायथ्याला थांबून हवा सोडतानाही मी पाहिलेत. खडीच्या कच्च्या रस्त्याला त्यात थोडं तथ्य आहे. डांबरावर हवा कमी केली की टायर दबतो, खाचा मिटतात, पाण्याला वाट उरत नाही, आणि टायर वळणात खालून वळवळतो. ३२ आणि ३६ पावसातही तसेच ठेवा.

आता नावं. २०२०च्या जूनमध्ये सरकारने दुचाकींच्या टायरच्याही आयातीवर निर्बंध घातले, आयातीला परवाना लागायला लागला. तेव्हापासून परदेशी टायर कधी मिळतात, कधी सहा-सहा महिने मिळत नाहीत, आणि किंमत दुकानागणिक बदलते. म्हणून एकच नाव धरून बसू नका. मिशेलिन रोड ६, पिरेली एंजल जीटी २, मेट्झेलर रोडटेक ०१, ब्रिजस्टोन टी३२, डनलॉप रोडस्मार्ट ४ हे सगळे याच जातीचे टायर आहेत. स्वभाव थोडे वेगळे. माझ्या हाताखालून गेलेल्या गाड्यांवरून सांगायचं तर गार आणि ओल्या रस्त्यावर मला मिशेलिन सगळ्यात भरवशाचा वाटला. पिरेली वळणात हलका पडतो, घाट चालवायला जास्त मजा देतो. मेट्झेलर दोघं बसल्यावर आणि सामान असताना स्थिर राहतो. हे माझं मत आहे. गाडी बदलली, माणूस बदलला की यात उन्नीस-बीस होतं.

देशी कंपन्यांकडे दुर्लक्ष करू नका. दहा वर्षांपूर्वी मी असं म्हणालो नसतो. आता टीव्हीएस युरोग्रिपचा रोडहाउंड हा सरळ स्पोर्ट-टूरिंगसाठी बनवलेला पोलादी पट्ट्याचा रेडियल आहे. अपोलोने २००९मध्ये नेदरलँड्सची व्रेडेस्टाइन विकत घेतली, तिचा सेंटॉरो एसटी इथे मिळतो. एमआरएफचा स्टील ब्रेसही बघा. पावसात परदेशी टायर अजून थोडे पुढे आहेत असं मला वाटतं, पण जुन्या देशी टायरमध्ये आणि त्यांच्यात जी दरी होती ती राहिलेली नाही. पुण्यात तुमच्या मापात काय मिळतं ते दोन-तीन ठिकाणी फोन करून आधी विचारा. बजेट कमी पडत असेल तर चांगली देशी जोडी, दोन्ही चाकांना, वेळेवर घाला. एक परदेशी टायर मागे आणि गोटा व्हायला आलेला जुना पुढे, हे मला कधीच पटलेलं नाही.

त्यावरून पुढच्या टायरचं. तो बरा दिसतो असं तुम्ही लिहिलंय. दिसण्यावर जाऊ नका, बोट लावा. तळहात टायरवर ठेवून चाक पुढे आणि मग मागे फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं तर खाचांच्या कडा उंचसखल झाल्यात. ब्रेकचा सगळा मार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे हे होतंच. अशा टायरने हँडल थरथरतं आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकची पकड कमी होते. शिवाय पाणी आधी कापायचं काम पुढच्या टायरचं, मागचा त्याच्या वाटेवरून येतो. मागचं चाक घसरलं तर बऱ्याचदा गाडी सावरता येते. पुढचं घसरलं तर माझ्यासारखं होतं. माझा सल्ला, या पावसाळ्याआधी दोन्ही बदला. अगदीच जमत नसेल आणि पुढच्याला अडीच मिलिमीटरच्या वर खोली असेल, बोटाला करवत लागत नसेल, तर मागचा आता आणि पुढचा त्याच कंपनीचा, त्याच नावाचा, दिवाळीला.

इथपर्यंतचं एकत्र सांगतो: माप कंपनीचंच, दोन्ही रेडियल, दोन्ही स्पोर्ट-टूरिंग, एकाच नावाची जोडी, वजन आणि वेगाचा दाखला गाडीच्या बरोबरीचा, हवा थंड असताना ३२ आणि ३६. नाव यानंतर.

विकत घेताना टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेल्या ओळीचे शेवटचे चार आकडे स्वतः वाचा. १२२५ असेल तर २०२५च्या बाराव्या आठवड्यात बनलेला. आयात टायर गोदामात पडून राहतात, सवलतीत मिळतात, आणि सवलत का आहे ते त्या चार आकड्यांत लिहिलेलं असतं. वर्षभराचा असेल तर निर्धास्त घ्या. दोन वर्षांच्या पुढचा मी गिऱ्हाइकाला देत नाही, मग तो सावलीत ठेवलेला असो की नसो. आयएसआयचा शिक्का बघा आणि पक्कं बिल घ्या. बिलाशिवाय वॉरंटीला कोणी विचारत नाही.

बसवायला गाडी देऊन निघून जाऊ नका, समोर उभे राहा. निंजाच्या चाकाला एबीएसची (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) चकती असते, पान्याचा किंवा लिव्हरचा एक धक्का बसला की ती वाकते आणि डॅशबोर्डवर दिवा पेटतो. टायर बदलायचं मशीन असलेल्या ठिकाणीच जा, हाताने लिव्हर मारून रिम खरवडून देणाऱ्याकडे नको. टायर निघाला की रिम नुसता फिरवून बघायला सांगा. पुण्याच्या खड्ड्यांनी रिम आऊट, म्हणजे वाकडा झालेला असेल तर तो आत्ता कळेल. व्हॉल्व्ह नवा घाला, त्याची किंमत चहा-नाश्त्याएवढी आणि जुन्याचं रबर तडकलं तर हायवेवर हवा उतरते. टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे ना ते बघा. हवा भरल्यावर रिमच्या कडेलगत टायरवर एक बारीक रेघ गोल दिसते, ती सगळीकडे सारख्या अंतरावर हवी. कुठे आत गेली असेल तर टायर नीट बसलेला नाही, हवा सोडून साबणाचं पाणी लावून पुन्हा बसवायचा. बॅलन्सिंग दोन्ही चाकांचं. आणि चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत ना हे तुम्ही स्वतः मोजा. तिथे एक रेघ पुढे-मागे झाली की मागचं चाक तिरकं बसतं, आणि नवा टायर एका अंगाने झिजायला लागतो.

वेळेचंही बघा. पहिला जोराचा पाऊस यायच्या आधी किमान तीन आठवडे टायर बसवून घ्या. नवा टायर साच्यातून निघालेला असतो, त्याचा वरचा थर चकचकीत असतो. तो जायला १५०-२०० किलोमीटर लागतात, तेवढे दिवस ब्रेक आणि वळणं हलक्या हाताने. आपल्याकडे जूनच्या पहिल्या सरीला रस्त्यावर वर्षभराचं तेल आणि धूळ तरंगत असते. त्यात कोरा टायर नको. पेरणीच्या, लावणीच्या दिवसांत ट्रॅक्टर शेतातून थेट रस्त्यावर येतात, चाकाचा चिखल डांबरावर पडत जातो. कोकणात तो तांबडा आणि शाडूसारखा चिकट असतो. तिथे कुठलाच टायर पकडत नाही. वेग आधी उतरवायचा, गाडी सरळ ठेवायची आणि ब्रेकला हात लावायचा नाही. रस्त्यावरचे पांढरे जाड पट्टेही पावसात तसेच समजा.

पंक्चरचं किट जवळ ठेवाच. खिळा मधल्या भागात लागला असेल तर दोरी मारून, म्हणजे भोकात बाहेरून रबरी दोरी खुपसून, घरी यायला हरकत नाही. घरी आल्यावर टायर काढून आतून मशरूम पॅच (छत्रीच्या आकाराचं रबरी ठिगळ) लावून घ्या. कडेला किंवा बाजूच्या भिंतीला भोक पडलं असेल तर तो टायर संपला. त्याला दोरी मारून बायकोला मागे बसवू नका.

राहिला जुना टायर. तुम्ही तो दुकानातच सोडून याल, सगळेच सोडतात. मधोमध गोटा झालेल्या अशा टायरना तापलेल्या पात्याने पुन्हा खाचा पाडतात, वरून काळा रंग फासतात, आणि ते कुठल्यातरी पोराच्या जुन्या गाडीला स्वस्तात बसतात. खाच जितकी खोल पाडली तितकी आतल्या तारेच्या जवळ जाते. म्हणून माझ्याकडे उतरलेला प्रत्येक टायर भंगारात जाण्याआधी मी त्याच्या बाजूच्या भिंतीला वीतभर चीर मारतो. तुमच्या दुकानदारालाही तुमच्यासमोर तेवढं करायला सांगा.